लाल बावटा ते शाखा — लेखांक चौथा : ठाणे, कल्याण, डोंबिवली

गेल्या लेखांकात गिरणगावाचा विचार झाला; आज मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्याकडे वळू. ज्या जिल्ह्याने १९५७ साली शामराव परुळेकरांसारख्या कम्युनिस्ट नेत्यास लोकसभेत धाडले, त्याच जिल्ह्याच्या मुख्य नगराने अवघ्या दहा वर्षांत, जेमतेम वर्षभराच्या शिवसेनेच्या हाती नगरपालिका सोपवावी आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष व्हावेत, या स्थित्यंतराचा उलगडा 'मराठी कामगार भावनेच्या आहारी गेला' एवढ्या शेऱ्याने होत नाही. आणि हाच शेरा अर्धशतक मारीत राहिल्यामुळे पुरोगामी पक्षांना आपली माणसे परत मिळविता आली नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डांगे, एसेम जोशी आणि अत्रे एका व्यासपीठावर उभे होते, अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी कामगारवस्त्यांतून दुमदुमत होती, तेव्हा भाषेचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न हे एकाच माणसाचे प्रश्न आहेत हे डाव्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. १ मे १९६० रोजी राज्य झाले, पुढे संयुक्त महाराष्ट्र समिती विखुरली, आणि भाषेचा प्रश्न निकालात निघाला असे गृहीत धरले गेले. नोकरीत डावलले जात असल्याचे मराठी तरुणाचे शल्य मात्र तसेच राहिले; १९६६ साली शिवसेनेने ते उचलले, परप्रांतीयांविरुद्ध वळविले, आणि पुरोगाम्यांनी त्या वळणाचा निषेध करताना मूळ शल्यालाही पाठ दाखविली.

याहून खोल कारण रहिवासाचे आहे. कामगार संघटना कारखान्याच्या फाटकाशी बांधलेली होती. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कित्येक कुटुंबे कल्याण-डोंबिवलीकडे सरकली. वागळे इस्टेटीतील यंत्रे एकेक करून थंडावली. २००९ मध्ये कल्याणजवळच्या आंबिवलीचा एनआरसी हा रेयॉनचा कारखाना बंद पडला. फाटकच उरले नाही, तेथे फाटकावरची सभा कोठून उरणार? परंतु नळाला पाणी नसणे, शिधापत्रिकेचा अर्ज दप्तरात अडकणे, मध्यरात्री रुग्णवाहिका न मिळणे ही संकटे वस्तीत होती, आणि वस्तीत शिवसेनेची शाखा होती. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर शिवसेनेचे आनंद दिघे यांच्याकडे रात्री उशिरापर्यंत फिर्यादी घेऊन येणाऱ्यांची रीघ लागे. त्या दरबारातील न्याय मर्जीचा होता, हक्काचा नव्हता, त्याच्यासोबत दहशतही होती, हे सांगितलेच पाहिजे. पण गाऱ्हाणे ऐकणारा माणूस तेथे प्रत्यक्ष भेटत होता.

हा पेच केवळ आपलाच नाही. २०१६ साली अमेरिकेत मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्वेनिया या कारखानदारीच्या राज्यांनी ट्रम्प यांना कौल दिला, तेव्हा तेथील पुरोगाम्यांतही वाद माजला : गोऱ्या कामगारांचा नाद सोडावा, की प्रतिपक्षाचा परकीयद्वेष थोडा आपणही उचलावा? दोन्ही वाटा मला त्याज्य वाटतात.

आपल्याकडे आरंभ वस्तीपासूनच करावा लागेल, आणि तोही निवडणुकीची अधिसूचना निघण्याच्या कितीतरी आधी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसे पडून मेली. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी स्फोटांनी कामगारांचे प्राण घेतले. लोकलच्या दाराला लटकणाऱ्यांत कोकणातला, खानदेशातला, उत्तर प्रदेशातला असा भेद गर्दी करीत नाही. मराठी माणसाला हे पटेल, पण आधी त्याच्या पालिका-शाळेसाठी, त्याच्या भाषेतील कारभारासाठी आपण झगडलो असू, तरच. डोंबिवलीच्या कारखान्यांत कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर लागते काय, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय, अपघातानंतर भरपाईचा अर्ज कोण लिहून देतो, याची चौकशी आठवड्यातून एकदा ठरल्या वारी, ठरल्या जागी बसून करणारे आणि त्याच वस्तीत राहणारे कार्यकर्ते हवेत. उमेदवारही त्यांच्यातूनच निघावेत. एनआरसीचे कामगार थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे कसे झगडत राहिले, त्याची हकीकत पुढील लेखांकात घेऊ.