लोणी नाही, पण चक्का आणि साबण
(शेळीपालनाची लेखमाला : दुधाचे पदार्थ)

गेल्या आठवड्यात आपण करडं तोडण्याबद्दल बोललो. करडं चारा खायला लागली की पहिल्यांदाच घरासाठी दूध उरतं. उस्मानाबादी शेळी दिवसाला अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत दूध देते. करडं वजा जाता तीन-चार शेळ्यांमागे लिटर-दीड लिटर हाती येतं. डेअरीला घालायला ते थोडं आणि चहाला जास्त. मग त्याचं करायचं काय?

बहुतेकांची पहिली उडी लोण्यावर जाते आणि तिथेच निराशा होते. रात्रभर पातेलं ठेवलं तरी वर साय म्हणावी अशी साय येत नाही. दुधात स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाइतका सहज असतो. पण त्याचे कण फार बारीक असतात. शिवाय ते कण एकमेकांना चिकटवून वर आणणारं जे प्रथिन गाईच्या दुधात असतं, ते इथे नसल्यातच जमा असतं. त्यामुळे चरबी दुधातच विखरून राहते. क्रीम काढायचं यंत्र असेल तर लोणी निघतं, आणि ते पांढरंशुभ्र निघतं, कारण शेळी चाऱ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. हाताने ताक घुसळून तूप कढवायचा हट्ट मात्र सोडा.

दुसरी तक्रार वासाची. कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही छोटी स्निग्धाम्लं शेळीच्या दुधात जास्त असतात. ती चरबीत बांधलेली असेपर्यंत वास जाणवत नाही. दूध तसंच राहिलं, फार हिंदकळलं, की दुधातलंच एक विकर चरबी फोडतं, आम्लं मोकळी होतात आणि तोंड वाकडं होतं. उपाय स्वस्त आहेत. बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधा, कास धुऊन कोरडी करा, सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळा भांड्यात घेऊ नका, आणि धार काढल्यावर दूध गाळून लगेच उकळा. उकळलं की ते विकर निकामी होतं.

उकळण्याला दुसरंही कारण आहे आणि ते वासापेक्षा फार मोठं आहे. माल्टा बेटावर सैनिकांना येणाऱ्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना तो तिथल्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. हा ताप म्हणजेच ब्रुसेलोसिस, आणि तो आपल्याकडेही आहे. निरशा दुधाचे गुण गाणाऱ्यांना हे ऐकवा.

दही लावाल तर ते पातळ लागेल. कवडी पडत नाही म्हणून विरजणाला दोष देऊ नका. या दुधाचा साका मुळातच मऊ असतो. दूध पाऊणपट आटवून विरजलं तर फरक पडतो. पण माझं मत विचाराल तर दह्याशी भांडण्यापेक्षा ते सरळ फडक्यात बांधून टांगावं. रात्रभरात जो चक्का मिळतो तो लोण्यासारखा पसरतो. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात शेळीचं ताजं चीज करतात तेही जवळपास असंच, फक्त विरजणाबरोबर चीज बांधणाऱ्या रेनेटचे थोडे थेंब घालून. या चक्क्यात मीठ, वाटलेली मिरची आणि लसूण घातली की भाकरीवर दुसरं काही लागत नाही. श्रीखंडही होतं, पण वेलदोडा थोडा सढळ हाताने घाला.

पनीर करताना दूध उकळून, आच बंद करून दोन-तीन मिनिटांनी लिंबाचा रस थोडा थोडा घाला. साका बारीक पडतो, म्हणून जाड विणीचं फडकं घ्या आणि वजन हलकं ठेवा. लिटरमागे साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम मिळतं. तळणीत ते लवकर फुटतं, भुर्जीला उत्तम.

एक इशारा लहान मुलांसाठी. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे दूध देऊ नका. त्यात फोलेट फार कमी असतं आणि केवळ त्यावर वाढवलेल्या बाळांना रक्तक्षय होतो. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी बहुतेकांना शेळीचंही बाधतं.

आता साबण. मापं वजनातच घ्या, वाटीने नाही. खोबरेल 400 ग्रॅम, शेंगदाणा तेल 500, एरंडेल 100. त्याला कॉस्टिक सोडा 146 ग्रॅम आणि उकळून गार करून बर्फ केलेलं दूध 300 ग्रॅम. या हिशेबात सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक राहतं. तुंबलेलं गटार साफ करायची पूड चालत नाही, सोडा शुद्धच हवा. जर्मनचं भांडं अजिबात वापरू नका. सोडा ते खातो आणि पेट घेणारा वायू निघतो. स्टील वापरा. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, पोरं बाहेर.

दुधाच्या बर्फावर सोडा चमच्याचमच्याने टाकत ढवळा. उलटं कधीही करू नका. घाई केली तर दुधातली साखर जळून मिश्रण नारिंगी होतं. हे सोडा-दुधाचं मिश्रण कोमट तेलात ओतून घोटा. पळीतून सोडलेली धार वर रेघ उमटवून राहिली की साच्यात घाला. साचा गोधडीत गुंडाळू नका, दुधाचा साबण आपोआप तापतो. दोन दिवसांनी कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर सुकू द्या.

या साबणाने गोरेपणा येत नाही, सुरकुत्या जात नाहीत. दुधातलं लॅक्टिक आम्ल सोड्याने मारलं जातं आणि साबण अल्कधर्मीच राहतो. तो मऊ वाटतो याचं श्रेय शिल्लक तेलाला आणि आत राहिलेल्या ग्लिसरीनला आहे. दूध घातलेलं क्रीम मात्र घरी करून साठवू नका. परिरक्षक नसेल तर त्यात काही दिवसांत जंतू वाढतात. बेसन-हळदीचं उटणं उकळलेल्या दुधात कालवून लगेच लावा आणि उरलेलं टाकून द्या.

साबण घरापुरता, पाहुण्यांपुरता करायला कुणाची हरकत नाही. विकायचा झाला तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार उत्पादन परवाना लागतो. तो कसा काढायचा ते पुढच्या आठवड्यात पाहू.