एकाच बाईची तीन वयं

१८४१च्या जनगणनेत तिचं वय ३०. दहा वर्षांनी ४४. १८५५ साली ती वारली, तेव्हाच्या नोंदीत ५०. स्कॉटलंडमधल्या पूर्वजांचा माग काढताना अशी एखादी बाई भेटतेच, आणि वाटतं, या नक्की वेगवेगळ्या बायका. पण तिन्ही नोंदी एकीच्याच असू शकतात.

१८४१ साली गणकांना सूचनाच होती: पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहा. म्हणजे ३० याचा अर्थ ३० ते ३४ यांतलं काहीही. चौतिशीची बाई दहा वर्षांनी ४४चीच होणार! उरला शेवटचा आकडा. हिशोबाने ती ४८ची हवी, नोंद म्हणते ५०. इथे आकड्यावरून नजर खाली न्यायची, कारण मृत्यूच्या नोंदीत खबर देणाऱ्याचं नाव आणि मृताशी असलेलं नातंही असतं. खबर जावयाने दिली असेल, तर सासूचं नेमकं वय त्याला कुठून ठाऊक असणार? ती कोणत्या दिवशी गेली, हे मात्र त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा दाखला खरा की खोटा असं विचारून भागत नाही. त्यातली प्रत्येक ओळ कुणी सांगितली आणि त्याला ती कशी कळली, हे विचारावं लागतं.

स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ला, आणि त्या पहिल्या वर्षाचे रकाने पाहून मी अजूनही थक्क होतो. जन्माच्या नोंदीत आईबापांची वयं, त्यांची जन्मगावं, त्यांचं लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती आणि त्यांतली किती गेली, सगळं काही. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या मुलांची नावं. एवढं लिहिणं झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी बरेच रकाने गळाले. ज्याचं कुणी त्या बारा महिन्यांत जन्मलं किंवा वारलं, त्याच्या हाती अर्धा वंशवृक्ष आयता येतो.

त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. सर्वांत जुनी पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ची. पण १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे अनेकांनी नोंदच केली नाही. वहीत नाव नाही म्हणून मूल जन्मलंच नाही, असं म्हणता येत नाही. नावांचंही तसंच. गेलिक बोलणाऱ्या मुलखातला डोनाल्ड इंग्रजी कागदावर डॅनियल होतो, एफीची युफेमिया किंवा हेन्रिएटाही होते.

सगळ्यांत सुंदर विसंगती सापडते ती कवी रॉबर्ट बर्न्सच्या संसारात. १७८६ साली जीन आर्मर गरोदर होती आणि बर्न्सने तिला लग्नाचा लेखी कागद दिला होता. तिच्या वडिलांना जावई पसंत नव्हता. कागदावरची नावं कापली गेली. मॉखलिनच्या चर्चने बर्न्सला सर्वांदेखत प्रायश्चित्ताला उभं केलं, आणि त्याबदल्यात तो अविवाहित असल्याचा दाखला देण्याचं पाद्र्याने कबूल केलं. सप्टेंबरात जीनला जुळं झालं. ऑगस्ट १७८८मध्ये त्याच चर्चच्या सभेने लिहून ठेवलं, की या दोघांचं काही वर्षांपूर्वीच रीत सोडून लग्न झालेलं आहे.

म्हणजे एकाच चर्चच्या लेखी तोच पुरुष १७८६ साली ब्रह्मचारी आणि त्याच सुमारास विवाहितही! हे समजायला तिथला कायदा माहीत हवा. दोघांनी आम्ही नवराबायको आहोत असं परस्परांना कबूल केलं, की स्कॉटलंडमध्ये लग्न झालं. पाद्री लागत नसे. ही पद्धत १९४०पर्यंत टिकली. १७८८च्या सभेने लग्न लावलं नाही, आधी झालेलं मान्य केलं. म्हणून मी वंशवृक्षात लग्नाचं वर्ष १७८६ लिहीन, आणि शेजारी १७८८चा ठरावही.