रंगाची बादली आणि चौथाई

आता पडद्यावर बघा. १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकले असते तर, असा हा नकाशा. पुण्यापासून अटकेपर्यंत एकच भगवा. दिसायला झकास, पण दोन गोष्टी खटकतात.

पहिली साधी. सीमेच्या कडेला राखाडी ठिपके उरलेत. मूळ चित्र जेपीईजी होतं. त्यात रेषांभोवती रंग गढूळ होतो, आणि बादलीचं टूल तर मिळत्याजुळत्या रंगाचेच पिक्सेल भरतं. थ्रेशोल्ड वाढवला की रंग सीमा ओलांडून शेजारच्या राज्यात घुसतो, तेही मोहीम न काढता! त्यापेक्षा गिंपमध्ये नव्या लेयरवर सीमा पुन्हा ओढा, ब्रशने नको, पेन्सिलने. तिची कड स्वच्छ येते. फाइल पीएनजीत ठेवा.

दुसरी गोष्ट मोठी. १७५८ साली मराठी फौजा लाहोरात होत्या, हे खरंच. पण राजपुतान्यासारख्या मुलखात आपला हक्क मुख्यतः वसुलीचा. चौथाई म्हणजे महसुलाचे २५ टक्के, वर सरदेशमुखीचे १० टक्के. गादीवर राजा तिथलाच. त्याला पुण्याइतकाच गच्च भगवा द्यायचा? मी नाही देणार. तिथे तिरप्या रेघांचा पॅटर्न भरा आणि खालचा मूळ रंग दिसू द्या. नागपूरकर भोसल्यांना भगव्याचीच फिकी छटा चालेल.

मग पानिपत जिंकल्यावर यातल्या कुठल्या रेघांचा गच्च रंग झाला असता, यावर भांडायला मजा येते. फक्त रेघांचा अर्थ सूचीत लिहा. बरेच जण तेवढंच विसरतात.