तळाचा गळ

उन्हं कलली आहेत. कुंभारगावच्या अंगाला उजनी धरणाचं पाणी बरंच मागं सरलंय. काठावरच्या खडकावर मामा बसलेत, पुढ्यात घमेलं. घमेल्याच्या कडेला थर्माकोलची पट्टी गुंडाळलीय आणि तिच्यात ओळीनं गळ टोचून ठेवलेत. आत नायलॉनची दोरी वेटोळी घालून पडलीय.

"ओळ चुकली की अंधारात गळ पाण्यात जायच्या आधी हातात शिरतो," मामा म्हणतात.

आज शिंगटा माशासाठी दोरी लावायची आहे. मूळ दोरीला तंगुसाचे, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याचे, फाटे बांधताना मामा कोपरापासून बोटांपर्यंत माप धरतात. फाटा एक हात, आणि दोन फाट्यांमधली जागा तीन हात. लागलेला मासा गरगर फिरतो. जागा फाट्याच्या दुपटीहून कमी ठेवली, तर शेजारचे दोन गळ एकमेकांत गुंततात आणि सकाळी माशाऐवजी गुंता वर येतो. हा हिशेब मामांना कुणी शिकवला नाही. पण एकही फाटा चुकत नाही, हे मी बघतोय.

शेजारी भाचा हातगळ बांधतोय. त्याच्या शिशाच्या गोळीला आरपार भोक आहे. तंगूस त्यातून ओवला, खाली भिंगरी बांधली आणि भिंगरीला गळ लावलेला तंगुसाचा तुकडा. गोळी भिंगरीशी अडते, वरच्या बाजूला मात्र मोकळी. शिंगटा आमिष घेऊन चालू लागला की शिसं तळाशीच राहतं आणि तंगूस त्यातून सरकत जातो. माशाला ओझं लागत नाही, म्हणून तो आमिष टाकत नाही. शिसं घट्ट आवळणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

सगळं तळाशीच ठेवायचं, कारण हा मासा तळाचा. मिशांच्या चार जोड्या चिखलावरून फिरवत, वास घेत तो रात्री खाणं शोधतो. मामी झिंगे आणि गांडुळं गळात ओवताहेत, टोक मात्र उघडं ठेवून. टोक आमिषात बुडालं तर तोंडात रुतत नाही.

होडी निघते. धरण 1980 साली झालं, पण बुडालेल्या भीमेचं जुनं पात्र कुठून वळतं ते मामांना आजही पाठ आहे. ते त्या पात्राच्या कडेला दगड सोडतात, भाचा हळूहळू वल्हं मारतो, एकेक गळ पट्टीतून सुटतो. शेवटी दुसरा दगड आणि खुणेला रिकामी बाटली.

तेवढ्यात हातगळाला ओढ लागते. वर येतो तो वीतभर शिंगटा. पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे त्याने ताठ केलेत. भाचा ओल्या फडक्यात धरून गळ काढतो.

"सोड त्याला," मामा म्हणतात.

बारीक आसाच्या जाळ्यांना अशी निवड करता येत नाही. ती बोटाएवढी पिल्लंही खरवडून नेतात, आणि मला ते अक्षम्य वाटतं. गळाचं तसं नाही. गळ मोठा घेतला की लहान तोंडं आपोआप वाचतात, आणि चुकून लागलेला मासा जिवंत परत जातो.

शिंगट्याचा नर तळातल्या खड्ड्यात अंडी-पिल्लं राखत थांबतो. तो उचलला तर मागची सगळी पिल्लं उघडी पडतात. तेव्हा विणीच्या दिवसांत दोरी घरीच ठेवा, आणि एरवी गळ मोठाच बांधा.