कूतच्या वेढ्यातील फाल्गुन

फाल्गुनी पौर्णिमा जवळ आली की धारणीच्या वाटांवर घरी परतणाऱ्या मजुरांची रीघ लागते. मेळघाटातील कोरकू बांधव होळीला परमुलखात सहसा राहत नाही. पाच दिवस सण चालतो, फगवा मागितला जातो आणि बाजारात पुन्हा कोरकू बोली घुमू लागते. ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नातेगोते नाही. ती बोलणाऱ्यास अमरावतीदेखील परदेश वाटली तर नवल कसले?

ही गर्दी पाहताना आम्हांस १९१६ चा फाल्गुन आठवतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिसकाठी कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी त्यांना वेढले. धान्य आटू लागताच जनरल टाउनशेंडने घोडे कापविले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनी, नाकारले. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला, अंगातले त्राण गेले आणि मनोधैर्यही खचू लागले. होळीची पौर्णिमा त्या वेढ्यातच उगवली.

सेनापतीने बिनतारी यंत्राने हिंदुस्थानातील धर्मगुरूंची संमती मागविली. ती आलीही, तरी हात ताटाकडे वळेनात. हा निव्वळ हट्ट होता, असे आम्ही मानीत नाही. आपद्धर्म आपल्या परंपरेस नवा नाही. छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाने दुष्काळात माहुताचे उष्टे कुल्माष खाल्ले. पाणी मात्र घेतले नाही, कारण त्यावाचून प्राण जाणार नव्हता. परंतु उषस्तीने आपला निर्णय आपणच केला. शिपायाला तो साहेबाच्या तोंडून, परक्या हुकमाच्या रूपाने ऐकावा लागला. गावी परतल्यावर पंगतीत आपले पान मांडतील काय, लेकीचे लग्न जुळेल काय, याचे उत्तर बिनतारी संदेशात नव्हते. ते द्यायला गावचे वडीलधारेच हवे होते, आणि तेही घरच्या बोलीत.

एप्रिलात उपासमार अगदी टोकास गेली, धाकही घातला गेला, तेव्हा कोठे पुष्कळांनी ते मांस घेतले. तोवर फार उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि उरलेल्यांच्या नशिबी कैद आली. तीतून कित्येक परतलेच नाहीत.

परगावच्या डॉक्टरने मराठीत सांगितलेले पथ्य कोरकू माउली मान डोलावून ऐकते आणि घरी जाऊन भूमकाला विचारते, तेव्हा आम्हांस तिचा राग येत नाही. यंदा फगवा देताना दोन शब्द कोरकूत बोलावयाचे, असे आमच्या घरी ठरले आहे. कोणते, ते दारी येणाऱ्या पोरांनाच विचारू.