चाळीस टक्क्यांची पायरी

वेरूळात पायऱ्यांना तोटा नाही. लेण्यांना पायऱ्या, शिवालय तीर्थात उतरावे तर पायऱ्याच पायऱ्या! पण आमच्या गावच्या अधू माणसाला सर्वांत अवघड जाते ती कागदाची पायरी. नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी शेजारपाजाऱ्यांचे अर्ज लिहून देतो. त्या अनुभवाचे चार शब्द वाचकांपुढे ठेवतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. ऑक्टोबर २०२५ पासून तिच्यातील दिव्यांगांचे अनुदान दरमहा २,५०० रुपये झाले. हातावर पोट असलेल्या घरात ही रक्कम लहान नव्हे. मात्र त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला किमान ४० टक्क्यांचा हवा. ३९ म्हणजे नाहीच!

घृष्णेश्वराच्या वाटेवर बेल-फुले विकणारे एक गृहस्थ आहेत. अपघातात त्यांचा पाय अधू झाला. "डॉक्टरांपुढं रडगाणं कशाला, गुरुजी?" असे म्हणून ते तपासणीला गेले, दातओठ खाऊन ताठ चालले, सांगताक्षणी जिना चढले. टक्के पडले चाळिशीच्या आत!

पायाच्या तपासणीत सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजतात. पण तेवढेच नव्हे. उतारावर चालणे, जिना चढणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, यांचाही हिशेब होतो. शौचाला बसता येत नाही, पंगतीत मांडी घालता येत नाही, हे जे आपण लाजेने गिळतो, तेच तिथे सांगायचे असते.

मी त्यांना समोर बसवून रोजच्या दिवसात काय काय जमत नाही ते एकेक लिहून काढले. ऐकता ऐकता त्यांच्या मंडळींनी पदर डोळ्यांना लावला. "इतकी वर्षं मलाही बोलला नाहीत!" एवढेच त्या म्हणाल्या.

दाखल्याचा निर्णय मान्य नसेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ५९ व्या कलमाने अपील करता येते. त्यांनी ते केले. दवाखान्याचे कागद तारीखवार लावून नेले आणि जे जमत नाही त्याला सरळ "जमत नाही" म्हणाले. या खेपेस दाखला मिळाला.

म्हणून कोणी लंगडण्याचे सोंग मात्र आणू नये. त्याच कायद्याचे ९१ वे कलम खोटेपणाने लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण अर्ज अडतो तो त्यांच्यापायीच. आधार, बँकेचे पुस्तक आणि दाखला यांवर नाव अक्षरशः एकच असावे. एकीकडे रामभाऊ, दुसरीकडे रामचंद्र, असे चालत नाही. उत्पन्नाचा आणि १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आधीच काढून ठेवावा. बँकेचे खाते आधारशी जोडलेले असावे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये. नामंजूर झालाच, तर कारण लेखी मागावे. मंजुरीनंतरही दरसाल हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे विसरू नये.

टेबलापलीकडच्या माणसाला तुमचे घर दिसत नाही, रात्रीचे कण्हणे ऐकू जात नाही. त्याच्यापुढे असतो तो कागद. तुमचे दुखणे जेवढे आहे तेवढे, उणे नाही की अधिक नाही, त्या कागदावर उतरले पाहिजे. हक्काचे मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही, आणि दुखणे लपवण्याचे तर मुळीच नाही.