श्रीवर्धनात रोजच्या वापराला स्वस्त हायब्रिड सायकल घ्यावी का?

सुट्टीच्या दिवसांत ताम्हिणी उतरून आलेले पुण्याचे सायकलस्वार दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशी फेरी मारतात आणि बागमांडल्याच्या फेरीबोटीने पलीकडे वेसवीला उतरून पुढे निघून जातात. त्यांच्या महागड्या सायकली पाहून गावातल्या कुणालाही वाटावे की आपणही एखादी गिअरची घ्यावी. पण रोज सायकल चालवणाऱ्याची गरज निराळी असते. त्याला बाजार करायचा असतो, एसटी गाठायची असते, वाडीत चक्कर मारायची असते आणि मागे कॅरिअरवर पिशवी बांधायची असते. बारा ते वीस हजारांत मिळणारी हायब्रिड या कामाला पुरते का? थोडक्यात सांगायचे तर, वाटेत चढ असतील तर ती घेण्याजोगी आहे. मात्र साधी घ्यावी, आणि खाऱ्या हवेत तिला जपायची तयारी ठेवून घ्यावी.

हायब्रिड म्हणजे काय

बारीक टायरची रेसिंग सायकल आणि डोंगरवाटांसाठी बनलेली जाड टायरची एमटीबी, या दोघींच्या मधली ही जात. १९८०च्या दशकात एमटीबीचे वेड पसरले आणि मग डांबरी रस्त्यावर रोज चालवणाऱ्यांसाठी ही मधली वाट निघाली. हिचे चाक रेसिंगच्या मापाचे, म्हणजे ७००सी असते. टायर साधारण ३२ ते ४० मिलिमीटर रुंद असतो. हँडल सरळ असल्याने पाठ फारशी वाकत नाही. स्वस्त गटात ७ ते २१ गिअर मिळतात आणि वजन १४ ते १७ किलोंच्या घरात असते. घरातली जुनी काळी सायकल सहज वीस किलोंच्या पुढे जाते.

इथला रस्ता काय मागतो

गाव तसे सपाट आहे. किनारा, बाजारपेठ, लक्ष्मीनारायणाचे आणि जीवनेश्वराचे देऊळ, एसटी स्टँड, सगळे सायकलच्या टप्प्यातले. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, जांभ्याच्या गडग्यांच्या कडेने जाणाऱ्या आळ्यांत गिअर बदलायची वेळच येत नाही. ज्याचा सगळा व्यवहार एवढ्यातच उरकतो, त्याला काळी सायकल पुरेशी आहे. ती पाच-सहा हजारांनी स्वस्त पडते, तिला कॅरिअर, स्टँड, मडगार्ड आणि चेनकव्हर अंगचेच असते, आणि तिच्यावर नारळाचे पोते टाकले तरी ती तक्रार करत नाही.

वेशीबाहेर पडले की गणित बदलते. दक्षिणेला हरिहरेश्वर वीसेक किलोमीटरांवर. उत्तरेला आरावी, कोंडिवली, शेखाडी करत दिवेआगरला जाणारा रस्ता समुद्राला बिलगून जातो खरा, पण खाली-वर होत जातो. म्हसळ्याकडे वळले तर घाटच लागतो. यांतल्या कुठल्याही गावातून कामासाठी रोज श्रीवर्धनला यायचे असेल, तर गिअर चैनीचा राहत नाही.

गिअरचा हिशेब

काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते ही नेहमीची जोडी. म्हणजे पॅडलची एक फेरी पुरी झाली की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान. चढावर मात्र तेवढे अंतर एका फेरीत ओढायचे म्हणजे उभे राहून पॅडल दाबावे लागते आणि शेवटी उतरून ढकलावे लागते. २१ गिअरच्या हायब्रिडमध्ये पुढे २८, मागे २८ अशी सर्वांत हलकी जोडी बहुधा मिळते. तिथे एका फेरीत सव्वादोन मीटरच कापले जातात. वेग घटतो, पण गुडघ्यावरचा जोर निम्म्याहून कमी होतो आणि बसल्या बसल्या चढ पार होतो.

वजनाचा बोलबाला त्या मानाने जास्त झाला आहे. स्वार ६५ किलोचा आणि सायकल १५ किलोची असेल तर चढावर ८० किलो न्यायचे असतात. सायकल २२ किलोची झाली तर ८७. फरक आठ-नऊ टक्क्यांचा. तेव्हा एक-दोन किलो वजन वाचवायला चार हजार जादा मोजण्यापेक्षा ते पैसे चांगले टायर, मडगार्ड आणि दिव्यात घालावेत.

स्वस्तात काय मिळते, काय कापले जाते

बारा हजारांच्या आसपास लोखंडी फ्रेम आणि साधे रबरी ब्रेक मिळतात. पंधरा-सोळा हजारांपुढे अॅलॉय फ्रेम आणि डिस्क ब्रेक येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सोळा हजारांच्या सायकलीमागे हा फरक सुमारे हजार रुपयांचा होतो, म्हणून जुन्या भावाने कोणी देऊ केली तर तेवढे विचारून घ्यावे.

कंपनी किंमत कमी ठेवते ती न दिसणाऱ्या जागी: हबमधले छर्रे आणि ग्रीस, पॅडल, केबल, टायर. शिवाय मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि घंटी बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते. त्यासाठी दीड-दोन हजार बाजूला ठेवा. फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोके आहेत ना, हे दुकानातच पाहा. ती नसतील तर पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ ठरलेली. साडी किंवा ओढणी घालून चालवणाऱ्या बाईने खालच्या दांड्याची फ्रेम घ्यावी आणि चेनकव्हर बसवून घ्यावे, कारण हायब्रिडला ते क्वचितच असते.

शॉकअपचा मोह

दुकानात ग्राहकाची नजर आधी पुढच्या शॉकअपवर जाते. या किमतीत ते नसलेलेच बरे. आत साधी स्प्रिंग असते. तिने सायकलचे वजन दीडेक किलोने वाढते, चढावर पॅडल मारताना पुढचा भाग खाली-वर डुलतो आणि जोर वाया जातो. वर खारी हवा आत शिरून दोन-तीन पावसाळ्यांत ती स्प्रिंग गंजते. खड्ड्यांवर खरा उपाय टायरचा आहे. ३८ ते ४० मिलिमीटरचा टायर घ्या आणि हवा टणक भरण्याऐवजी ५०-५५ पीएसआयवर ठेवा. ६०-६५ किलोच्या माणसाला तेवढी पुरते आणि हादरे निम्मे टायरच पचवतो.

ब्रेक

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या रिमवर रबर घसरते, आणि काळ्या सायकलीची चकचकीत लोखंडी रिम या बाबतीत सर्वांत वाईट. चढउताराच्या रस्त्यावर पावसातही चालवायची असेल तर केबलवर चालणारे डिस्क ब्रेक घ्यावेत. ऑइलवाले नकोत, त्यांची दुरुस्ती गावात होईलच असे नाही. वापर गावापुरताच असेल तर अॅलॉय रिमवरचे रबरी ब्रेक चालतात. त्यांचे रबर कुठेही मिळते, फक्त त्यात अडकलेली वाळू अधूनमधून टोकरून काढावी, नाहीतर ती रिम कानशीसारखी घासत राहते.

खारी हवा

पुण्यात पाच वर्षे टिकणारी सायकल इथे दोन वर्षांत खिळखिळी होते, ती बहुतेक वेळा मिठामुळे. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलेच राहते. चेन, तारा, केबल आणि नटबोल्ट आधी जातात. अॅलॉयची फ्रेम गंजत नाही हे अर्धसत्य आहे. अॅलॉय आणि लोखंड जिथे टेकतात तिथे खारट ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजते आणि सीटचा दांडा फ्रेममध्ये असा बसतो की हातोडीलाही दाद देत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो बाहेर काढून पुसून ग्रीस लावला की हा त्रास टळतो.

चेनला घरातले खोबरेल तेल लावू नये. ते चिकट होते आणि वाळू धरते. उन्हाळ्यात शिलाई मशीनचे तेल चालते, पावसात ते धुऊन जाते. तेव्हा सायकलच्या चेनसाठी मिळणारे दाट तेल घ्यावे आणि वरचे जादा तेल फडक्याने पुसून टाकावे.

चेन किती झिजली हे शाळेतल्या फूटपट्टीने कळते. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध धरा आणि २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये पंचविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली तर चेन बदला, दोन-अडीचशे ते पाचशे रुपयांत काम होते. आठवा भाग पुढे गेली असेल तर तोवर मागचे दातेही खाल्लेले असतात आणि फ्रीव्हीलही बदलावे लागते.

ओहोटीला किनाऱ्यावरची वाळू डांबरासारखी घट्ट होते आणि तिथे सायकल घालायचा मोह आवरत नाही. रोजच्या सायकलीसाठी तो आवरावा. गेलातच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. पाण्याचा जोराचा फवारा मात्र हबवर मारू नका, त्याने वाळू आत जाते. रात्री सायकल पडवीत ठेवा. प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवली तर आत दमटपणा कोंडून गंज उलट वाढतो.

टायर-ट्यूब आणि गावचा सायकलवाला

पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे, छर्रे बदलणे ही कामे गावात होतात. अडते ते सुट्या भागांवर. दुकानात २८ इंची म्हणून जो टायर मिळतो तो काळ्या सायकलीचा, ६३५ मिलिमीटर मापाचा. हायब्रिडचा टायर ६२२ चा. दोन्हींना बोलताना २८ इंचीच म्हणतात, पण १३ मिलिमीटरांच्या फरकामुळे एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. म्हणून टायरच्या कडेवर छापलेला आकडा लिहून ठेवा, आणि सायकल घेतानाच एक टायर व दोन ट्यूब जादा आणून घरी ठेवा.

ट्यूब मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची मागा. तिच्यात पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हला वेगळा पंप लागतो.

पैसे वसूल होतात का

रोज १० किलोमीटर स्कूटरऐवजी सायकलने जायचे ठरवले, तर लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरचे शंभरीपार भावाने दिवसाला २२-२३ रुपयांचे पेट्रोल वाचते. मुसळधार पावसाचे आणि आळसाचे दिवस वगळून वर्षात २०० दिवस धरले तर साडेचार हजार. त्यातून चेन, केबल, टायर, ग्रीसिंग यांचे दीड-दोन हजार गेले की अडीच-तीन हजार उरतात. मडगार्ड-कॅरिअरसह अठरा हजारांना पडलेली सायकल या वेगाने वसूल व्हायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे नुसत्या पेट्रोलच्या बचतीसाठी हायब्रिड घेणे हा फायद्याचा सौदा नव्हे. घरात दुसरी स्कूटर घ्यायचे टळणार असेल, किंवा व्यायामासाठी वेगळा वेळ काढणे जमत नसेल, तरच आकडे जुळतात.

कोणी घ्यावी

पाच ते दहा किलोमीटरांवरून, चढउताराच्या रस्त्याने येणाऱ्याने घ्यावी. गावातल्या गावात फिरणाऱ्याने आणि जड ओझे वाहणाऱ्याने काळी सायकलच ठेवावी. घ्यायचीच असेल तर शॉकअप नसलेली, २१ गिअरची, ३८च्या आसपास टायर असलेली घ्या. फ्रेम दोन्ही पायांच्या मधे घेऊन पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर वरच्या दांड्यापासून दोन-तीन सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. आणि जमले तर पावसाळा संपल्यावर घ्या. कोरड्या आठ महिन्यांत हात बसतो, गिअर आणि ब्रेक एकदा जुळवून घेता येतात, आणि सायकल खरोखर रोज बाहेर निघते की पडवीतच उभी राहते, तेही पहिल्या पावसाच्या आत कळते.